काम केलेलं डिझेल इंजिन हळू चालवायचं की लोडवर?

दसरा जवळ आला की सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यातल्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. गाळप हंगाम तोंडावर आलेला असतो. पुढचे चार-पाच महिने ट्रॅक्टर आणि ट्रक रात्रंदिवस ओढणार, म्हणून ऑइल खाणारं, दम गेलेलं इंजिन त्याआधीच उतरवून त्याचं काम केलं जातं, म्हणजे ते उघडून झिजलेले भाग बदलले जातात. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी, जिच्यात पिस्टन वरखाली होतो), पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी पडतात. क्रँक ग्राइंडिंगला जातो, नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला. मोठ्या इंजिनाचं बिल सहज लाखावर जातं. मग गाडी ताब्यात देताना मिस्त्री हमखास सांगतो, "पंधरा दिवस हलकं चालवा, लोड टाकू नका." काही ठिकाणी तर इंजिन सुरू करून रात्रभर स्लोवर, म्हणजे लोडशिवाय कमीत कमी फेऱ्यांवर, सोडून देतात. समजूत अशी, की तेवढ्यात ते मोकळं होतं.

हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण डिझेलच्या बाबतीत तो अर्धा चुकीचा आहे. त्या चुकीच्या अर्ध्यामुळेच कितीतरी इंजिनं होळीच्या आत पुन्हा ऑइल खायला लागतात, आणि खापर मात्र लायनरच्या कंपनीवर किंवा ऑइलवर फुटतं. काम केलेल्या डिझेल इंजिनाला सुरुवातीपासूनच लोड लागतो. तो टप्प्याटप्प्याने द्यायचा आणि मोजून द्यायचा. मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी इंजिन डायनोवर, म्हणजे लोड देऊन तो मोजणाऱ्या यंत्रावर, चढवतात. तिथे नेमकं काय होतं आणि ते इतकं महत्त्वाचं का आहे, ते मुळापासून पाहू.

## रिंग लायनरला कशी धरते

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. आत घेतलेली हवा मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या भागात दाबली जाते आणि ती इतकी तापते, की डिझेल फवारताच पेट घेतं. हा दाब वरच्या वर धरून ठेवायचं काम पिस्टनभोवतीच्या रिंगांचं. बहुतेक इंजिनांत त्या तीन असतात. पहिली गॅस अडवते. दुसरी निसटलेला गॅस अडवते आणि खाली येताना ऑइलही खरवडते. तिसरी फक्त ऑइलसाठी. पिस्टन तापल्यावर फुगतो, त्यामुळे तो लायनरला घट्ट ठेवताच येत नाही, त्याच्याभोवती फट सोडावी लागते. म्हणजे सगळी मदार रिंगांवर.

पुष्कळांना वाटतं, की रिंग स्वतःच्या ताणाने लायनरला चिकटून बसते. ताण असतो, पण तो थोडा. खरा रेटा देतो तो गॅस. ज्वलनाचा गॅस रिंगच्या वरच्या बारीक फटीतून तिच्या खाचेत शिरतो, तिच्या पाठीमागे जातो आणि मागून तिला लायनरवर दाबतो. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकी रिंग घट्ट. आजच्या टर्बोवाल्या ट्रक इंजिनात फुल लोडवर हा दाब क्षणभर १५० बारच्याही पुढे जातो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या दीडशे पट. स्लोवर तो याच्या कितीतरी खाली असतो. इंजिनावर लोड आला की गव्हर्नर, म्हणजे फेरे सांभाळणारी यंत्रणा, डिझेल वाढवतो, डिझेल वाढलं की दाब वाढतो आणि दाब वाढला की रिंग बसते. या लेखातलं पुढचं सगळं या एका साखळीवर उभं आहे.

आता लायनरकडे बघा. नवा किंवा बोअर केलेला लायनर आतून गुळगुळीत नसतो, तसा ठेवायचाही नसतो. होनिंगच्या दगडांनी त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. रेघांच्या खोबणीत ऑइल टिकतं आणि रेघांमधले बारीक उंचवटे रिंगच्या कडेला घासून तिला लायनरच्या नेमक्या आकाराची करतात. तसं करताना ते स्वतःही बोथट होतात. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना हे चटकन कळेल. जात्याला नवी टाकी मारून आणली की आधी कोंडा-कण्या दळून ते पीठ टाकून देत, कारण त्यात दगडाची कच असायची. त्यानंतर जातं चांगलं दळायला लागे. पण घास न घालता ते नुसतं फिरवत बसलं, तर टाकी फुकट जायची.

लायनरच्या उंचवट्यांची धारही अशीच थोडा वेळ टिकते. रिंगा बसण्याचं बहुतेक काम पहिल्या काही तासांतच उरकतं. उरलेलं पुढच्या पन्नास-शंभर तासांत सावकाश होत राहतं. म्हणून हे पहिले तास वाया घालवायचे नसतात.

## हलकं चालवलं तर काय बिघडतं

लोड नसला की रिंगेच्या पाठीमागे रेटा नसतो. ती लायनरवरून तरंगत गेल्यासारखी वरखाली होते आणि ऑइल पूर्ण खरवडत नाही. सिलिंडर पुरेसा तापलेला नसतो, त्यामुळे फवारलेलं डिझेलही पूर्ण जळत नाही. वर चढलेलं ऑइल आणि अर्धवट जळलेलं डिझेल यांचा एक चिवट, वार्निशसारखा थर होनिंगच्या रेघांत भरत जातो. काही तासांत लायनर आतून आरशासारखा चमकायला लागतो. याला ग्लेझिंग म्हणतात. दिसायला सुंदर दिसतं, पण इंजिनासाठी ते वाईट. गुळगुळीत झालेल्या भिंतीवर रिंग फक्त घसरते, घासली जात नाही, आणि पुढे कितीही चालवलं तरी ती नीट बसत नाही.

याची लक्षणं मालकाला लवकर दिसतात. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफेसारखा धूर येतो, ऑइलची पातळी उतरत जाते, सायलेन्सरच्या तोंडाशी काळपट ओलसर ऑइल साचतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर निघतो. अगदी सुरुवातीला लक्षात आलं तर काही तास सलग मोठ्या लोडवर चालवून इंजिन कधीकधी सावरतं. थर पक्का झाला असेल तर मात्र पुन्हा हेड उतरवणं, पुन्हा होनिंग आणि पुन्हा नव्या रिंगा. म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा.

रात्रभर स्लोवर ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुन्या धाटणीच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांना मिळणारं ऑइल बरंचसं क्रँकच्या फिरण्याने उडणाऱ्या शिंतोड्यांवर अवलंबून असतं. इंजिन जितकं हळू, तितके शिंतोडे कमी. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांवर पहिल्यांदा घासले जात असताना त्यांना कमीत कमी ऑइल मिळावं, अशी व्यवस्था आपणच करून ठेवतो.

जनरेटरवाल्यांना हा प्रश्न वेगळ्या रूपात माहीत असतो. मोठा जनसेट घेऊन त्यावर चार पंखे आणि दिवे चालवले, तर काही महिन्यांत तो ऑइल ओकायला लागतो. म्हणूनच क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर जनसेट फार वेळ चालवू नये असं उत्पादक सांगतात. कारण तेच.

## डायनो म्हणजे मोजणारा ब्रेक

डायनामोमीटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनो, हा मुळात एक ब्रेक आहे. इंजिनाच्या शाफ्टला तो जोडतात. तो शाफ्टला अडवतो आणि किती जोराने अडवतोय ते आकड्यात सांगतो. फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने १८२१ मध्ये लाकडी ठोकळे शाफ्टवर आवळून असा पहिला ब्रेक केला. त्यात अडचण अशी, की ठोकळे तापायचे आणि जळायचे. १८७७ मध्ये विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी ठोकळ्यांच्या जागी पाणी वापरलं. शाफ्टवरचं चक्र पाणी घुसळतं, पाणी त्याला विरोध करतं आणि उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते. आज वर्कशॉपमध्ये जो वॉटर ब्रेक दिसतो, तो याच कल्पनेवर चालतो. दुसरा प्रकार एडी करंटचा. त्यात विजेच्या चुंबकाने फिरत्या चकतीला अडवतात. त्यावर नियंत्रण बारीक करता येतं, म्हणून चाचणी-प्रयोगशाळांत तो जास्त दिसतो. आपल्याकडे पुण्यात डायनो बनवणारे कारखाने आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत इंजिनांच्या चाचण्या अशाच यंत्रांवर होतात.

मोजणी कशी होते हे समजलं की डायनोचं गूढ उरत नाही. ब्रेकचं बाहेरचं कवच मोकळं टांगलेलं असतं. इंजिन त्याला आपल्याबरोबर फिरवू पाहतं, पण कवचाला बसवलेला एक दांडा वजनकाट्यावर टेकलेला असतो. समजा दांडा अर्ध्या मीटरचा आहे आणि काटा ३० किलो दाखवतोय. गुणाकार केला की शाफ्टचा पीळ मिळतो, त्याला टॉर्क म्हणतात. इथे तो सुमारे १४७ न्यूटन-मीटर झाला. इंजिन त्या वेळी मिनिटाला २१०० फेरे घेत असेल, तर ताकद होते सुमारे ३२ किलोवॅट, म्हणजे ४४ हॉर्सपॉवरच्या आसपास. मध्यम ट्रॅक्टरचा आकडा. टॉर्क आणि फेरे एवढं कळलं की हॉर्सपॉवर हा साधा हिशेब आहे.

ही सगळी ताकद शेवटी उष्णता होते. ३२ किलोवॅटचं इंजिन वॉटर ब्रेकवर फुल लोडवर लावलं आणि पाणी ३० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी त्यातून सतत वाहायला हवं. १८० हॉर्सपॉवरच्या ट्रक इंजिनाला हाच आकडा ६० लिटरच्या वर जातो. म्हणून डायनोवाल्या वर्कशॉपबाहेर मोठी टाकी किंवा कूलिंग टॉवर दिसतो. कोणी "आमच्याकडे डायनो आहे" म्हणालं, तर त्याची पाण्याची सोय बघून घ्यावी. पाणी अपुरं असेल तर फुल लोडची चाचणी चार-पाच मिनिटांत गुंडाळावी लागते, आणि तेवढ्यात रिंगा बसत नाहीत.

## सुरू करण्याआधीचा वेळ

डायनोवर चढवलेलं इंजिन लगेच स्टार्ट करत नाहीत, आणि माझ्या मते या टप्प्याला गॅरेजमध्ये सगळ्यात कमी मान मिळतो. क्रँकची बेअरिंगं रिंगांसारखी घासून बसायची नसतात. धातूला धातू लागूच नये, मध्ये कायम ऑइलचा पडदा राहावा अशी त्यांची रचना असते. नव्या जुळणीत ऑइलच्या वाटा कोरड्या असतात. म्हणून बाहेरच्या पंपाने ऑइल दाबाने आत भरतात. ती सोय नसेल तर डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवतात, गेजवर दाब दिसेपर्यंत. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या पाइपमध्येही आधी ऑइल घालतात. हे न करता दिलेला एक स्टार्ट बेअरिंगच्या मऊ थरावर असे ओरखडे पाडू शकतो, जे कोणाला दिसत नाहीत आणि पुढे भोवतात.

मग स्टार्ट. स्लोवर न सोडता हजार ते बाराशे फेऱ्यांवर ठेवतात आणि दोन-तीन मिनिटांत एवढंच बघतात: ऑइलचा दाब आहे का, कुठे गळती आहे का, वेगळा आवाज येतोय का. एकही गोष्ट खटकली तर लगेच बंद. सगळं ठीक असेल तर रेंगाळायचं नाही, हलका लोड देऊन पाणी ७०-८० अंशांपर्यंत तापवायचं. थंड इंजिनावर मोठा लोड देऊ नये हे जुनं शहाणपण इथे शंभर टक्के खरं आहे.

त्यानंतर पायऱ्या. एक चतुर्थांश लोड, मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर किती मिनिटं आणि किती फेऱ्यांवर, याचा तक्ता इंजिन कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तो इंजिनागणिक बदलतो. काही छोट्या इंजिनांचा सगळा कार्यक्रम तासा-दीड तासात आटोपतो, मोठ्यांना कित्येक तास लागतात. फेरे कमी आणि लोड भरपूर, असं मात्र कुठेच करत नाहीत. उभ्या चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली की इंजिन जसं घुसमटतं, तसं डायनोवरही होतं.

## ब्लो-बाय: नजर ठेवायचा आकडा

रिंगा बसल्या हे बाहेरून कसं कळणार? इंजिन तर बंदिस्त आहे, आत डोकावता येत नाही. यासाठी जो आकडा बघतात, त्याला ब्लो-बाय म्हणतात. रिंगांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये जाणारा गॅस म्हणजे ब्लो-बाय. तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदरवर ठरावीक भोकाची चकती बसवून मागे साचणारा दाब पाण्याच्या नळीने मोजतात. नळीतलं पाणी किती मिलिमीटर चढलं, तेवढाच हिशेब. उपकरण इतकं स्वस्त आहे, की पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत रंगवलेलं पाणी भरूनही ते करता येतं.

नव्या जुळणीत हा आकडा सुरुवातीला मोठा असतो. लोडची पायरी चढली की तो थोडा उडी मारतो, मग हळूहळू उतरायला लागतो आणि एका ठिकाणी थांबतो. थांबला की पुढची पायरी. शेवटी फुल लोडवर तो खाली येऊन स्थिर राहिला आणि कंपनीच्या मर्यादेत असला, की रिंगा बसल्या. घड्याळापेक्षा या नळीवर विश्वास ठेवावा. तक्त्यात वीस मिनिटं लिहिली असतील आणि ब्लो-बाय अजून उतरतोय असं दिसत असेल, तर त्याच पायरीवर आणखी थांबणारा माणूस खरा जाणकार.

उतरत असलेला आकडा अचानक वर उसळला तर लोड लगेच काढायचा. बहुधा रिंग किंवा पिस्टन लायनरला ओरखडायला लागलेला असतो. अशा वेळी वेळीच थांबलं तर एका सिलिंडरवर भागतं. शेतात किंवा घाटात हीच गोष्ट घडली, तर आवाज येईपर्यंत कळत नाही आणि तोवर ब्लॉकच गेलेला असतो.

डायनोचा दुसरा मोठा उपयोग हा, की बाकीचे दोषही इथेच उघडे पडतात. गरम झाल्यावर ऑइलचा दाब घसरला तर बेअरिंगची फट जास्त राहिली आहे किंवा पंप कमजोर आहे. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट इतरांपेक्षा थंड असेल तर त्याचं नोझल नीट फवारत नाही. ताकद कमी आणि धूर काळा असेल तर डिझेलचा पंप किंवा टायमिंग. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. मागच्या ऑइल सीलची गळती तर डायनोवरच पकडायला हवी, कारण इंजिन गाडीत बसल्यावर ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

## "पण एवढा लोड दिला तर नवं इंजिन धरणार नाही का?"

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं. पिस्टन एकदम तापला आणि लायनर अजून थंड असला, तर मधली फट संपते आणि पिस्टन धरतो, म्हणजे लायनरमध्ये अडकून बसतो. शिवाय नव्या रिंगा सुरुवातीला सगळीकडे टेकत नाहीत, थोड्या उंच जागांवरच टेकतात आणि तिथे उष्णता साचते. म्हणूनच लोड पायऱ्यांनी द्यायचा असतो. प्रत्येक पायरीवर उंच जागा थोड्या घासून उतरतात, टेकण्याची जागा वाढते आणि पुढची पायरी झेलायची तयारी होते. मिस्त्री "हलकं चालवा" म्हणतो त्यातला खरा भाग हाच. फक्त हलकं हे अर्ध्या-एक तासापुरतं असतं, पंधरा दिवसांपुरतं नसतं.

दुसरी शंका इंजिनाच्या आयुष्याची: फुल लोडवर तासभर पळवलं तर तेवढं आयुष्य खर्च नाही का होणार? डिझेल इंजिन हजारो तास लोडवर चालायलाच बनवलेलं असतं. खर्च होतं ते डिझेल. ४४ हॉर्सपॉवरचं इंजिन फुल लोडवर तासाला साधारण नऊ-दहा लिटर पितं, खालच्या पायऱ्यांवर त्याहून कमी. दोन-तीन तासांच्या कार्यक्रमात ट्रॅक्टरचं इंजिन पंधरा-वीस लिटर घेईल. एका रिंग सेटच्या किमतीशी आणि दुसऱ्यांदा द्याव्या लागणाऱ्या मजुरीशी हा खर्च ताडून बघा.

## "पूर्वी तर सगळे हळूच चालवायचे"

चालवायचे, आणि त्याला कारणं होती. तेव्हाचं मशीनिंग आजच्याइतकं नेमकं नव्हतं. पृष्ठभाग खरबरीत, फटी कमी-जास्त, ऑइल साधं. एकदम ताण दिला तर खरंच धरायचं. त्या काळाचा सल्ला त्या काळच्या इंजिनांना योग्य होता. आज लायनर प्लॅटो होनिंगचे येतात, म्हणजे कारखान्यातच रेघांचे टोकदार शेंडे उतरवून वरचा भाग सपाट केलेला असतो. घासण्याचं काम बरंच आधीच झालेलं असतं आणि उरलेलं थोडकं काम दाबाखालीच होतं. गावाकडच्या लेथवर बोअर आणि होन केलेल्या ब्लॉकमध्ये मात्र इतकी नेमकी सफाई असेलच असं नाही. तिथे खालच्या पायऱ्यांवर जास्त वेळ द्यावा. लोड टाळावा असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

## "आमच्या तालुक्याला डायनो कुठून आणायचा?"

सगळ्यात रास्त प्रश्न हाच. ट्रॅक्टरसाठी इंजिन उतरवून डायनोवर न्यायची गरजच नसते. मागच्या पीटीओ शाफ्टला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टला, जोडायचे डायनो मिळतात. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या, ट्रॅक्टरची चाचणी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची ताकद पीटीओवरच मोजतात. पीटीओवर आकडा थोडा कमी येतो, कारण गिअरमध्ये काही ताकद जाते. आपल्याकडच्या कृषी अवजारांच्या मोठ्या विक्रेत्यांनी आणि साखर कारखान्यांनी मिळून असा एक डायनो तालुक्यात फिरता ठेवला, तर हंगामाआधीच्या कितीतरी इंजिनांचं भलं होईल. हे कोणीतरी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

तोवर शेत आहेच. ट्रॅक्टर तापवून घ्यावा, आधी मोकळ्या रानात कल्टिव्हेटर, मग रोटाव्हेटर. रोटाव्हेटरची खोली वाढवत नेणं म्हणजे लोडच्या पायऱ्या चढणंच. फेरे मधल्या पट्ट्यात ठेवावेत आणि पाण्याच्या व ऑइलच्या गेजवर लक्ष असावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धी भरलेली ट्रॉली. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन पहिल्याच दिवशी कारखान्याचा रस्ता धरू नये.

ट्रकसाठी निम्मा माल आणि सपाट रस्ता, मग थोडा चढ. कात्रज किंवा खंबाटकीसारखा घाट पहिल्याच फेरीत पूर्ण मालाने चढवू नये, पण इंजिन व्यवस्थित तापून तासभर चालल्यावर अर्ध्या मालाने योग्य गिअरमध्ये चढलं तर त्याचं भलंच होतं. जनसेटसाठी लोड बँक भाड्याने मिळते. हीटरसारख्या तारांत वीज जाळून ती लोड देते. रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही दुरुस्त केलेल्या लोकोमोटिव्हची चाचणी याच तत्त्वावर होते. तिथे त्याला लोड बॉक्स म्हणतात. विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाला तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हाच डायनो आहे. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात व्हॉल्व्ह आवळला की लोड कमी होतो, उघडला की वाढतो. पुष्कळांना हे उलट वाटतं. म्हणून सुरुवात आवळलेल्या व्हॉल्व्हने करावी, पण तो पूर्ण बंद ठेवून बसू नये, पंप तापतो. मग टप्प्याटप्प्याने उघडत जावं.

## ऑइलचं काय

रिंगा बसताना लोखंडाची बारीक भुकटी ऑइलमध्ये उतरते, ती अपेक्षितच आहे. डायनो संपताच इंजिन गरम असताना ऑइल सोडावं आणि फिल्टर बदलावा. जुना फिल्टर फेकून न देता कापून आतला कागद उन्हात पसरून बघावा. राखाडी, पिठासारखी भुकटी चालते. चमचमणारे पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंग बोलतंय, गाडी पुढे नेऊ नये. त्यानंतर ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे, बहुतेक ठिकाणी ५० तासांच्या आसपास.

ऑइल कोणतं, यावर मिस्त्र्यांमध्ये मोठे वाद असतात. सिंथेटिक घातलं तर रिंगा बसत नाहीत असं पुष्कळ जण सांगतात. माझं मत असं, की लोड नीट दिला असेल तर ऑइलचा फरक दुय्यम ठरतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं साधं मिनरल ऑइल सुरुवातीला पुरे आहे. घर्षण कमी करणारी वरून घालायची औषधं मात्र या काळात अजिबात नकोत. इथे थोडं घर्षण आपल्यालाच हवं असतं.

## नव्या गाड्यांत हे आणखी नाजूक का

१ एप्रिल २०२० पासून ट्रक-बसला धुरातल्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले. ५० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरना २०२३ च्या सुरुवातीपासून आणि जनसेटना १ जुलै २०२३ पासून नवे नियम आले. यातल्या बऱ्याच इंजिनांच्या एक्झॉस्टला काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. पकडलेली काजळी तो ठरावीक काळाने जाळून टाकतो. पण ऑइल जळून जी राख होते ती जळत नाही, ती आत साचतच जाते. जुनं इंजिन ऑइल खात असेल तर डबा भरून भागायचं. इथे न बसलेल्या रिंगांची किंमत डीपीएफ भरून मोजावी लागते, आणि तो महाग भाग आहे.

शिवाय ही इंजिनं कॉम्प्युटरवर चालतात. सुटं इंजिन डायनोवर चालवायचं तर त्याचा ईसीयू (म्हणजे तो कॉम्प्युटर), वायरिंग आणि सेन्सर सगळं बरोबर जोडावं लागतं. म्हणून अशा गाड्यांसाठी चासिस डायनो बरा पडतो. त्यात चाकं रोलरवर ठेवून पूर्ण गाडीच चालवतात.

## गॅरेजवाल्याला काय मागायचं

इंजिन गाडीत बसवण्याआधी डायनोचा तपशील कागदावर मागा. त्यात प्रत्येक पायरीवरचे फेरे, लोड, ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, ब्लो-बाय आणि शेवटची हॉर्सपॉवर असायला हवी. नुसतं "टेस्ट ओके" लिहिलेल्या शिक्क्याला अर्थ नाही. डायनो नसेल तर निदान इतकं विचारा: ऑइलचं प्रायमिंग (स्टार्टआधी दाबाने ऑइल भरणं) केलं का, सुरू केल्यावर किती वेळ स्लोवर चाललं, हेडचे बोल्ट गरम केल्यावर पुन्हा आवळायचे आहेत की कंपनीने ते एकदाच आवळायचे सांगितले आहेत, टॅपेट पुन्हा कधी सेट करायचे. चांगल्या मिस्त्रीला हे प्रश्न आवडतात.

तो कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दोन वर्षांनी ऑइल कमी होतंय असं वाटलं, तर त्याच पद्धतीने ब्रीदरवर नळी लावून त्याच फेऱ्यांवर आणि त्याच लोडवर ब्लो-बाय पुन्हा मोजता येईल. आकडा पहिल्याइतकाच असेल तर रिंगांना हात लावू नका, ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा टर्बोतून जातंय का ते आधी बघायला सांगा.